माझं अक्षर बरं आहे म्हणून

माझं अक्षर बरं आहे म्हणून
सभेचं इतिवृत्त लिहायला मलाच बसवलं,
चौथीच्या वर्गात, चौथीच्याच बाकावर,
गुडघे आखडून.
पहिली ओळ सोपी गेली: वार, वेळ, उपस्थिती एकसष्ट.

फळ्यावर सेलोटेपनं नकाशा.
सरनोबत साहेबांनी लाल स्केचपेन जिथून ओढला
तिथून पुढं रिंग रोडपलीकडची शाळा,
तिथून अलीकडं ही.
नकाशात ओढा निळा होता.
आमच्याकडं तो निळा नाही.

साळोखे उठले, फौंड्रीतून पहिली पाळी करून थेट आलेले,
भुवयांत अजून काळी वाळू.
"दिवाळी झाली, उसाचा हंगाम सुटला, की साहेब
त्या रस्त्यावरनं एकामागं दोन दोन ट्रॉल्या.
मागं दिवा न्हाई, म्होरं डेकवर गाणं,
त्या ड्रायव्हरला स्वतःचा हॉर्न ऐकू येत न्हाई,
सहा वर्साचं पोरगं काय दिसणार?"
मी लिहिलं: वाहतुकीबाबत चिंता व्यक्त केली.

मिठारी बाई म्हणाल्या, मला तिकडचीच शाळा पाहिजे.
तिकडं स्वच्छतागृहाला आतून कडी आहे.
"माझी पोरगी इथं दुपारपर्यंत पाणीच पीत नाही."
सगळे पुरुष एकदम पंख्याकडं बघायला लागले.
मी लिहिलं: सुविधांबाबत मत मांडले.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी,
"आमची तिकडं गेली तर एक वेळ चालंल,
पण तिकडच्या वस्तीतली इकडं आली तर..."
वाक्य तिथंच राहिलं.
सुलोचना आवळे मान न वळवता म्हणाली,
"पुरं करा की."
कुणी केलं नाही.
मी एक ओळ कोरी सोडली.

आणि मुजावर, रिक्षावाले,
एवढा वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभे, म्हणाले,
"साहेब, रेघ लई जाड हाय."
वर्ग हसला.
"हसताय काय? रेघंखाली आमची अख्खी गल्ली गेली,
अकरा घरं.
आम्ही कुठल्या बाजूचं?"
साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला,
नकाशाला नाक लावलं.
"रेषेची आतली कड धरायची."
"आतली म्हंजे कुणाच्या आतली?"

बारावं घर माझं.
वार आणि वेळ लिहायच्या आधीच
मी डोळ्यानं मोजून घेतलं होतं:
रेघ आमच्या फाटकाच्या बोटभर अलीकडं संपते.
आमचा इंद्रजित आहे तिथंच राहणार.
मुजावरांची नाझनीन रस्त्यापलीकडं.
दोघं पहिलीपासून एका बाकावर.
त्याच्या डब्याचं झाकण त्याला निघत नाही,
ती दातानं काढते.

"अजून कुणाला काही बोलायचंय?"
साहेबांनी दोनदा विचारलं.
माझ्या हातात पेन होतं.
लिहिणाऱ्यानं मध्ये बोलायचं नसतं,
असं कुणी सांगितलेलं नव्हतं,
पण मी ते नियमासारखं धरून बसले.

'सर्वानुमते' हा शब्द
मी एरवी हात न उचलता लिहिते.
आज 'नु'पाशी उचलला.
थोडं फुटलं अक्षर.
सह्या घेताना मुजावर म्हणाले,
"वहिनी, अक्षर झकास हाय तुमचं."
चेष्टा नव्हती त्यात. असती तर बरं झालं असतं.

परतताना त्यांच्याच रिक्षातून आले, पैसे घेतले नाहीत.
रोज ते मला आमच्या फाटकाशी सोडतात
आणि रिव्हर्स घेत आपल्या दारी जातात.
आज रिक्षा अकराव्या घरापाशीच थांबली.
"एवढं चालाल न्हवं?"
चालले.

ओट्यावर इंद्रजितचा डबा होता, न घासलेला.
झाकण दोन्ही हातांनी ओढलं, निघेना.
दिव्याखाली धरलं तेव्हा दिसल्या,
कडेला, प्लॅस्टिकवर,
दातांच्या दोन बारीक खुणा.